अवाँगार्द जॅझ आणि आजचं चेंबर म्युझिक: नवी रेकॉर्डिंगं कुठून ऐकायला घ्यावीत?

सातरस्ता (धागाकर्ता)

गेल्या तीन-चार वर्षांत अवाँगार्द जॅझ (रुळलेले नियम सोडून वाजवलेलं जॅझ) आणि चेंबर म्युझिक (मोजक्या वादकांसाठी लिहिलेलं संगीत) या प्रांतात इतकं कसदार काम बाहेर आलंय की स्वतंत्र धागा हवाच होता. आपल्या सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकं होतात, गाण्याच्या मैफली रंगतात. पण तिथे उद्या एखादं स्ट्रिंग क्वार्टेट (चार गजवाद्यांची चौकडी) किंवा न्यूयॉर्कचा जॅझचा संच येईल अशी चिन्हं नाहीत. आपल्यापर्यंत हे संगीत येणार ते रेकॉर्डिंगमधूनच. म्हणून माझा आग्रह एवढाच, की मैफलीला बसल्यासारखं बसून ऐका. स्वयंपाक करता करता किंवा गाडी चालवताना ऐकलंत तर हाती काही लागणार नाही.

सुरुवात कुठून करता यावरही बरंच अवलंबून आहे. ‘अवाँगार्द’ म्हटलं की लोक थेट सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या १९६५ च्या ‘असेन्शन’ला हात घालतात, दहा मिनिटांत बंद करतात आणि पुन्हा या वाटेला जात नाहीत. ते थोर रेकॉर्ड आहे, पण पहिलं ऐकायचं नव्हे.

माझ्या मते दार उघडायचं ते मेरी हॅल्व्हरसनच्या ‘बेलाडोना’ने (२०२२, ननसच कंपनी). एक गिटार आणि मिव्होस क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. चौघांचा भाग लिहिलेला, गिटारला मोकळं रान. तिचा सूर लागल्या लागल्या मध्येच घसरतो, तार कुणीतरी वाकवल्यासारखा. पेडल वापरून ती हे मुद्दाम करते आणि दोन मिनिटांत तो तिचा आवाज म्हणून ओळखू यायला लागतो. त्यानंतर अँब्रोज अकिनमुसिरे या ट्रम्पेटवाल्याचं ‘हनी फ्रॉम अ विंटर स्टोन’ (२०२५). पुन्हा तेच मिव्होस क्वार्टेट, सोबत पियानो, ड्रम्स, सिंथेसायझर आणि कोकायी या रॅपरचा आवाज. शेवटचा तुकडा जवळजवळ अर्ध्या तासाचा आहे. तो अर्धवट सोडू नका, सगळ्या रेकॉर्डचा भार त्याच्यावर आहे.

सॅक्सोफोनवादक आणि संगीतकार हेन्री थ्रेडगिलचं ‘द अदर वन’ (२०२३) ब्रुकलिनच्या रूलेट सभागृहात प्रत्यक्ष कार्यक्रमात ध्वनिमुद्रित झालंय. बारा वादक, थ्रेडगिल स्वतः वाजवत नाही, संच चालवतो. त्यातला ट्यूबा, म्हणजे खर्जातलं मोठं पितळी वाद्य, ऐकाच. ट्रम्पेटवाल्या वाडाडा लिओ स्मिथच्या बारा स्ट्रिंग क्वार्टेट्सचा सात सीडींचा संच (२०२२) मात्र सवडीने, एका वेळी एकच.

तुम्ही काय ऐकताय ते लिहा.

वाजंत्री_पूर्वभाग

दादा, मी बँडात सॅक्सोफोन आणि क्लॅरिओनेट वाजवतो. घरात तेलुगू, बँडात मराठी-कन्नड सगळं. लग्नसराई संपली, आता जरा निवांत ऐकालोय. ‘बेलाडोना’ ऐकलं. गिटार अजून अंगवळणी पडलं नाही, पण चार गजवाले एकमेकांच्या मागं-पुढं राहून वाजवालेत ते फार आवडलं. आमच्यात दोघं क्लॅरिओनेटवाले असे मागं-पुढं झाले तर मास्तर थांबवतो.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक, काही सॅक्सोफोनवाले एकाच वेळी दोन-तीन सूर काढतात, ते कसं? रेकॉर्डिंगमध्ये दोनदा वाजवून जोडतात का? दुसरं, एरिक डॉल्फीचं क्लॅरिओनेट इतकं खाली कसं उतरतंय? माझं वाद्य तिथवर जातच नाही.

सातरस्ता

जोडत नाहीत, एकाच फुंकरीत वाजवतात. बोटांची मांडणी नेहमीपेक्षा वेगळी धरायची, ओठांचा आणि घशाचा दाब बदलायचा, की नळीतली हवा एका सुरावर ठरत नाही आणि मूळ सुराबरोबर वरचेही सूर एकदम बोलायला लागतात. मल्टिफोनिक्स म्हणतात त्याला. कोणती बोटं धरली की काय निघतं याचे तक्ते छापलेले मिळतात, पण प्रत्येक सॅक्सोफोनवर थोडं वेगळं निघतं.

डॉल्फीकडे बास क्लॅरिओनेट असायचं. तुमच्या वाद्यापेक्षा एक सप्तक खाली. त्याच्यासाठी तुम्ही ‘इव्हनिंग्ज ॲट द व्हिलेज गेट’ ऐका. कोल्ट्रेन आणि डॉल्फी १९६१ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट क्लबात वाजवत होते. तिथल्या ध्वनितंत्रज्ञाला नवी ध्वनियंत्रणा तपासून बघायची होती, म्हणून त्याने एकच रिबन मायक्रोफोन टांगून टेप चालू केली. ती टेप पुढे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या संग्रहात सापडली आणि २०२३ मध्ये रेकॉर्ड निघालं. एकच माइक असल्याने ड्रम्स फार पुढे येतात, पियानो मागे पडतो. पण क्लबात बसल्यावर कानावर जे आदळतं ते तसंच असतं. मला ते घासूनपुसून चकचकीत केलेल्या रेकॉर्डिंगपेक्षा जास्त खरं वाटतं. शेवटी ‘आफ्रिका’ आहे, त्यात दोन डबल बास आहेत. त्यांच्यातला फरक हेडफोनवर शोधून बघा.

मारवा

मी आयुष्यभर रागसंगीत ऐकत आलो. किराणा घराणं हा माझा जीव की प्राण. तुम्ही सुचवलेलं सगळं ऐकलं, घाईने मत देत नाही. पण मला जे खटकतं ते स्पष्ट लिहितो. सूर जागेवर नाही, लय धरावी तर निसटते, आणि सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे ते कळतच नाही. मैफलीत गायक समेवर आला की शंभर माना एकदम हलतात. तो क्षण श्रोत्याचाही असतो. इथे श्रोत्याने मान कुठे हलवायची? ज्या संगीतात श्रोत्याला भागच घेता येत नाही ते कितीही अभ्यासू असलं तरी माझ्यासाठी अपुरं आहे.

गजवाली

मारवा काका, मी व्हायोलिन शिकवते, दोन्ही पद्धतींचं थोडं थोडं. तुमच्या आक्षेपाला उत्तर म्हणून एकच रचना पुढे ठेवते. नवी नाही, पण तिची नवी रेकॉर्डिंगं निघत असतात आणि आजच्या चेंबर म्युझिकचा पुष्कळसा रस्ता तिच्यावरून जातो. ऑलिव्हिए मेसियाँचं ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’. मेसियाँ फ्रेंच, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होता. ग्यॉर्लिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत १५ जानेवारी १९४१ ला ती पहिल्यांदा वाजली. क्लॅरिओनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो अशी जुळणी, कारण छावणीत तेवढेच वादक हाताशी होते. पियानोवर तो स्वतः बसला.

या रचनेच्या पहिल्याच भागात पियानोचा जो ताल चालतो तो आपल्याकडचा आहे. मेसियाँला एका फ्रेंच संगीतकोशात शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तल्या १२० देशी तालांची यादी सापडली होती आणि तिचा त्याने मनापासून अभ्यास केला. ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकात देवगिरीला, यादवांच्या दरबारात लिहिला गेला. देवगिरी म्हणजे आपला दौलताबाद. रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन ताल त्याने एकापुढे एक जोडले आणि १७ कालमूल्यांची, म्हणजे सूर किती लांबवायचा त्या मापांची, एक साखळी केली. तिच्यावर २९ कॉर्ड्सची (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांची) दुसरी साखळी चढवली. १७ आणि २९ या दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे दोन्ही साखळ्यांची सुरुवात पुन्हा एकत्र यायला १७ गुणिले २९, म्हणजे ४९३ कॉर्ड्स वाजाव्या लागतात. तो भाग त्याच्या कितीतरी आधी संपतो.

म्हणजे सम आहे. ती कुठे पडणार हे अचूक ठरलेलं आहे. फक्त ती येण्याआधी रचना थांबते.

रेकॉर्डिंग हवं असेल तर मार्टिन फ्रॉस्ट, यानिन यान्सेन, टोर्लीफ थेडेन आणि लुका दबार्ग यांचं २०१७ चं घ्या.

मारवा

शार्ङ्गदेवाचं हे मला माहीत नव्हतं, फार आनंद झाला. पण गजवालीताई, माझा प्रश्न तिथेच राहतो. हा हिशोब कागदावर आहे. कानाला ४९३ मोजता येत नाहीत. तबलजी सतरा मात्रांची अवघड तिहाई घेतो तेव्हाही सम मला आतून जाणवते. इथे जाणवायचं काय?

गजवाली

काका, मोजायचं नाहीच. आपण तालाचं आवर्तन ऐकतो तेव्हा पुढे काय येणार याची अंगाला खात्री असते आणि त्या खात्रीवर आपण आनंद घेतो. मेसियाँला तीच खात्री काढून घ्यायची होती. रचनेचं नाव काळाचा अंत. व्हायोलिन आणि क्लॅरिओनेट पहाटेच्या पक्ष्यांसारखी बोलतात आणि खाली पियानो असा चालतो की कुठेही ‘आलो घरी’ असं वाटू नये. पुढे काय येणार ही ओढच सुटते, आणि थोड्या वेळाने ती नाही याची भीतीही जाते. मला जाणवतं ते हे. समेचा आनंद हा नव्हे, वेगळा आहे, आणि त्याला मान हलवावी लागत नाही.

चेलोकडेही लक्ष द्या. पाचच सूर, तेही फ्लॅजिओलेट, म्हणजे तार दाबायची नाही, बोट नुसतं टेकवायचं. सूर शिट्टीसारखा पातळ निघतो. विद्यार्थ्यांना मी हे करून दाखवते तेव्हा बोट केसभर सरकलं तरी सूर नाहीसा होतो. ‘सूर जागेवर नाही’ म्हणताना या कामाला लागणारी नजर आणि हात लक्षात घ्या.

सातरस्ता

काका, तुमच्या नावाचाच दाखला देतो. मारवा रागात षड्ज, म्हणजे सा, किती जपून लावतात! कोमल रिषभ आणि धैवतावर गायक रेंगाळत राहतो, षड्जाच्या कडेकडेने फिरतो, आणि तुम्ही संध्याकाळी ती ओढ तासभर सहन करता, नव्हे, त्यासाठीच जाता. घर दिसतंय आणि आत जायचं नाही, ही अवस्था तुमच्या कानाला अनोळखी नाही. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने कॉर्ड्सचा ठरलेला क्रम सोडला तेव्हा वादकाच्या पायाखालून असंच घर काढून घेतलं. त्याच्याकडे सूर आहेत, गाण्यासारख्या चाली आहेत. परतायची सक्ती तेवढी नाही.

आणि किराणा म्हणालात म्हणून: अमेरिकेतला संगीतकार टेरी रायली १९७० पासून पंडित प्राणनाथांचा शिष्य, आणि प्राणनाथ किराण्याचे. अब्दुल करीम खाँसाहेब आपल्या शेजारी मिरजेला राहिले, त्याच घराण्याचा धागा कॅलिफोर्नियात जाऊन क्रोनॉस क्वार्टेट या गजवाद्यांच्या चौकडीच्या संगीतात मिसळलाय. रायलीने क्रोनॉससाठी लिहिलेलं तुम्ही सुराच्या अंगाने ऐका. मला खात्री आहे, तुम्हाला परकं वाटणार नाही.

मागवाला

टेरी रायलीचा विषय निघाला म्हणून लिहितो. त्याचं ‘इन सी’ (१९६४) मला पहिल्याच वेळी कळलं आणि त्याचं कारण आमचा कारखाना. ५३ छोटे छोटे तुकडे लिहिलेले आहेत. सगळे वादक एका पाठोपाठ एक तेच वाजवतात, पण कोणता तुकडा किती वेळा घोळवायचा ते ज्याने त्याने ठरवायचं. मधे एक वाद्य एकच सूर टिकटिक टिकटिक धरून असतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये हेच चालतं. आठ माग, एकच कापड, मोटरही सारखी, तरी प्रत्येकाचा धोटा (आडवं सूत नेणारा) आपल्या वेळेला पलीकडे जातो. सुरुवातीला नुसता खडखडाट. थोडा वेळ उभं राहिलं की दोन माग जुळतात, परत सुटतात, तिसरा येऊन मिळतो. माझे वडील शेडच्या दारातूनच सांगायचे की कोपऱ्यातल्या मागाचा सूत तुटलाय. इतक्या आवाजात एकाची लय बदललेली त्यांना कळायची. हा कान सोलापूरच्या पूर्व भागातल्या हजारो माणसांना आहे. हे संगीत फक्त शिकलेल्यांचं, असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही.

‘इन सी’चं ब्रुकलिन रागा मॅसिव्हने २०१७ ला काढलेलं रेकॉर्ड ऐका. सतार, सरोद, तबला वगैरे आपली वाद्यं आहेत. मारवा काकांनाही तिथून आत शिरता येईल.

जुळे_सोलापूर

सगळे काय ऐकावं ते सांगताय, मी कशावर ऐकावं ते सांगतो, कारण निम्मी तक्रार तिथेच मिटते.

मोबाईलच्या स्पीकरवर डबल बास जवळजवळ नसतोच. आणि बास गेला की या संगीतातला जमिनीचा भागच जातो, वर नुसती किरकिर उरते. महागडी यंत्रणा लागत नाही. साधे पण तारेचे हेडफोन घ्या, किंवा दोन जुने स्पीकर योग्य अंतरावर ठेवा. तपासून बघायचं असेल तर कोलमनचं ‘फ्री जॅझ’ लावा, डिसेंबर १९६० चं ध्वनिमुद्रण. दोन चौकड्या एकाच वेळी वाजतात, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. कोलमन आणि डॉन चेरी डावीकडे, डॉल्फी आणि फ्रेडी हबर्ड उजवीकडे. फोनवर हा गर्दीचा गोळा होतो. स्पीकरवर मात्र डावीकडून बोललेल्याला उजवीकडून मिळालेलं उत्तर सरळ ऐकू येतं. मग गोंगाट वाटत नाही, आठ माणसं वाटतात.

दुसरी अडचण आपल्या गावची. मे महिन्यात पंखा बंद करून बसणं अशक्य, आणि पंखा चालू असेल तर मॉर्टन फेल्डमनसारख्या संगीतकाराच्या, अगदी हलक्या आवाजात वाजणाऱ्या संगीतातला निम्मा भाग त्याच्या घरघरीत जातो. मी पहाटे साडेचार-पाचला ऐकतो. तेव्हा हवाही बरी असते आणि रस्त्यावर गाड्या नसतात. म्युनिकच्या ईसीएम कंपनीच्या सीडी पाच सेकंदांच्या शांततेने सुरू होतात. ती पाच सेकंदं तुमच्या खोलीत ऐकू आली तर वेळ बरोबर निवडली समजा. ईसीएमवरच पियानोवाल्या विजय अय्यरचं ‘कम्पॅशन’ (२०२४) आहे, लिंडा मे हान ओ (डबल बास) आणि टायशॉन सोरी (ड्रम्स) यांच्याबरोबर. पहाटेला फार शोभतं.

विकत घेणार असाल तर शक्यतो बँडकँप या संकेतस्थळावरून घ्या. छोट्या कंपन्यांची आणि वादकांनी स्वतः काढलेली रेकॉर्ड्स तिथे मिळतात, पूर्ण दर्जाची फाइल उतरवून घेता येते आणि पैशाचा मोठा वाटा वादकापर्यंत जातो.

गजवाली

सोरीचा उल्लेख आला म्हणून भर घालते. २०२४ चं संगीताचं पुलित्झर पारितोषिक त्याला ‘अडाजिओ (फॉर वाडाडा लिओ स्मिथ)’ या सॅक्सोफोन आणि ऑर्केस्ट्राच्या रचनेसाठी मिळालं. तोच माणूस त्रिकूटात ड्रम्सवर बसून ‘द ससेप्टिबल नाऊ’ (२०२४) करतो. चारच लांब तुकडे, न थांबता एकातून दुसऱ्यात जाणारे. जॅझवाले आणि चेंबरवाले असे दोन वेगळे कप्पे आता राहिलेच नाहीत, हे एवढ्यावरून कळावं. संगीतकार कॅरोलिन शॉसुद्धा ऐका, अटाका क्वार्टेटने वाजवलेलं ‘ऑरेंज’ (२०१९) आणि ‘एव्हरग्रीन’ (२०२२). ज्यांना कर्कशपणाची धास्ती वाटते त्यांनी तर तिथूनच सुरुवात करावी.

पेटीवाले_अक्कलकोट

मी भजनात पेटी वाजवतो. अमृता किडंबीचं नाव कुणीच घेतलं नाही म्हणून लिहितोय. भारतीय वंशाची, न्यूयॉर्कला राहते, तिचा ‘एल्डर वन्स’ नावाचा संच आहे. ती गाते आणि सोबत पेटी वाजवते, आपलीच हातपेटी. भोवती सोप्रानो सॅक्सोफोन, चेलो, बास, ड्रम्स. ‘न्यू मॉन्युमेंट्स’ (२०२४) मध्ये पेटीचा सूर तंबोऱ्यासारखा धरून ठेवलेला असतो, भाता जोरात ओढला की सूर किंचित दचकतो, तेसुद्धा ऐकू येतं. आमच्याकडे ते टाळायला शिकवतात, तिने ते गाण्यात घेतलंय. एक गाणं आपल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावरचं आहे.

आणि हार्प व पियानो वाजवणाऱ्या ॲलिस कोल्ट्रेनची १९७१ ची कार्नेगी हॉलची मैफल २०२४ ला पूर्ण बाहेर आली. स्वामी सच्चिदानंदांच्या योगसंस्थेच्या मदतीसाठी झालेला कार्यक्रम. दोन सॅक्सोफोन, दोन बास, दोन ड्रम्सवाले, वर पेटी आणि तंबोरा. पहिला अर्धा भाग हार्पचा, अगदी शांत. उत्तरार्धात ती पियानोवर येते आणि सगळे तुटून पडतात. आमच्या भजनाच्या फडात पहाटे जे होतं त्याच्या जवळचं वाटलं.

मारवा

ॲलिसबाईंचा पूर्वार्ध दोनदा ऐकला. तंबोरा लागलेला असला की माझा कान बसतो, हे खरं. ‘इन सी’ही आवडलं. उत्तरार्धातला सॅक्सोफोनचा आक्रोश मला अजून पेलवत नाही आणि तो आवडलाच पाहिजे असं मी मानत नाही. मेसियाँ मात्र सोडणार नाही. शार्ङ्गदेवाच्या तालाध्यायात ते तीन ताल काढून लघु-गुरू-प्लुत मांडून ठेवलेत, आता पियानोवर बोट ठेवून ऐकायचे आहेत.

वाजंत्री_पूर्वभाग

गजवालीताई, ती चौकडी ऐकली. तिसरा भाग एकट्या क्लॅरिओनेटचा आहे, कुणीच साथीला नाही. त्यात एक सूर अगदी शून्यातून सुरू होतो, कधी सुरू झाला तेच कळत नाही, मग फुगत फुगत जातो, इतका मोठा होतो की खोली भरते, आणि तुटतो. तो मी वाजवून बघालोय. वरातीत आम्ही पहिल्या फुंकरीपासून जोरात असतो, ट्रॅफिकच्या वर ऐकू जायला पाहिजे म्हणून. हळू सुरू करायला रीड पातळ लागली, ओठ सैल ठेवला तर सूरच बोलत नाही, आवळला तर चिरकतो. मधल्या एका जागेला श्वास पुरतच नाही. हे वाजवणारा माणूस छावणीत उपाशीपोटी कसा वाजवला असेल?

त्याचं नोटेशन कुठं मिळंल? बँडात आम्ही स्टाफ नोटेशनवरच शिकलोय, वाचता येतं.

गजवाली

मिळेल. पॅरिसच्या ड्युराँ प्रकाशनाने छापलंय, ‘क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम’ या नावाने शोधा, क्लॅरिओनेटचा भाग वेगळा असतो. माझ्याकडे पूर्ण स्कोअर आहे. तो मूळ वादक, आँरी आकोका, त्यानेही मेसियाँला आधी हे वाजणार नाही असं सांगितलं होतं म्हणतात. तुमच्या फुगणाऱ्या सुरासाठी एक करा: रीड बदलण्याआधी सूर मनात पूर्ण लावा, हवा आधी सोडा, ओठ नंतर मिटवा. रोज थोडंच, लग्नाच्या आदल्या दिवशी अजिबात नको. रविवारी सकाळी माझ्याकडे या, शिकवणीची मुलं अकराला जातात. क्लॅरिओनेट घेऊन या, पानं मी काढून ठेवते.

सातरस्ता

मीही येतो रविवारी, स्पीकर घेऊन. जुळे_सोलापूर, तुमच्याकडची जाड वायर लागेल. मारवा काकांना कोण आणतंय?

मागवाला

मी आणतो. माझ्या वाटेवरच आहे त्यांचं घर.